केसरबाईने पाहिलेली बोट

केरबा सुताराला दोन बायका होत्या. एक जयगडच्या खाडीकाठी, आणि दुसरी इथं कतारात, वक्राकडच्या एका शेडमध्ये, लाकडी ठोकळ्यांवर टेकून बसलेली. धाकटी म्हणावं तर ही दुसरी वयानं थोरली होती, चांगली ऐंशीच्या घरातली, आणि तिचा संसार एकदाही धड लागलेला नव्हता.

दोह्यातल्या अल मन्सूरात, डबे पुरवणाऱ्या पुष्पावतीच्या घरी शुक्रवारचा चहा पिताना मी हे पहिल्यांदा बोललो, तेव्हा केरबा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. साठीला टेकलेला, दाढीचे खुंट पांढरे, तळहात म्हणजे कानस, आणि लाजला असा की जणू मी त्याला खरंच कुठं पकडलं होतं. "काय वो श्रीपतीकाका, म्हातारपणी काय पण," म्हणाला, आणि बशीत चहा ओतून बशीआड तोंड लपवलं. पुष्पावती डबे भरता भरता म्हणाली, "अहो, नाव तरी सांगा सवतीचं!"

नाव काही धड नव्हतं. ती सुरुंग काढणारी लढाऊ बोट होती. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत बांधायला घेतलेली. समुद्रात शत्रूनं सोडलेले सुरुंग हुडकायचे आणि मागून येणाऱ्या जहाजांना वाट मोकळी करून द्यायची, हे तिचं काम. ते सुरुंग लोखंड जवळ आलं की फुटत, म्हणून ही सगळी लाकडाची, खिळेसुद्धा पितळेचे. पण बांधणाऱ्यांनी एवढ्या निगुतीनं बांधली, एवढ्या सावकाशीनं बांधली, की तिचा रंग वाळेतो लढाई संपली. एक सुरुंग काही तिच्या वाट्याला आला नाही. मग तिनं मासळी वाहिली, सहलीची माणसं वाहिली, या मालकाकडून त्या मालकाकडे गेली, आणि शेवटी फळ्या सडलेल्या अवस्थेत इथल्या एका म्हाताऱ्या अरबाबानं तिला विकत घेतलं. मालकाला इथं सगळे अरबाबच म्हणतात. या अरबाबाला लाकडी बोटींचं वेड, आणि त्याला हवा होता लाकडातला जाणता माणूस.

"सजूनधजून पोर शाळेला निघाली आन् शाळेला सुट्टी लागली," केरबा तिच्याबद्दल म्हणायचा. "तिची काय चूक?"

म्हणजे बघा, प्रेम असं होतं.

आता थोरलीची, म्हणजे खऱ्या बायकोची गोष्ट. केसरबाई. आवाज खणखणीत, जीभ माझ्याहून तिखट, आणि हे मी सहसा कुणाबद्दल कबूल करत नाही. फोनवर रोज पहिला प्रश्न तिचा असायचा, "कशी हाय माझी सवत? जेवली का?" आणि केरबा म्हणायचा, "जेवली. आज दोन फळ्या खाल्ल्यान."

केरबाच्या घराण्याची एक रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या बोटी बांधणारी माणसं. त्यांच्यात नवी बोट म्हणजे नवरी. ती पाण्यात जायच्या आधी सुताराच्या बायकोनं तिची ओटी भरायची, नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हळदीकुंकू लावायचं. मग शेवटची लाकडी खुंटी बायकोनं धरायची आणि सुतारानं ठोकायची. खुंटी बसली की बोट पुरी. आणि यातली मुख्य अट अशी की जिनं ओटी भरायची तिनं बोट आधी पाहायची नाही. अपुरी तर नाहीच नाही. पहिली नजर पडायची ती पुऱ्या बोटीवर.

गावी हे सोपं होतं. बायको खाडीकडे फिरकली नाही की झालं. इथं हातात फोन! पण केरबानं फोनवरही रीत सोडली नाही. शेडमधून व्हिडिओ लावायचा आणि कॅमेरा भिंतीकडे, आभाळाकडे, कधी शेडमधल्या मांजराकडे. केसरबाई हसायची, "मांजर लई देखणं बांधलंत वो!" बोटीबद्दल सांगायचा मात्र तासन्‌तास. नाळ कशी उचललीय, फळ्यांच्या फटींत कापूस कसा ठासलाय, आणि रंग. रंगाचं तर त्याला फार होतं. लढाऊ बोटीचा मूळचा रंग लागणार, पारवा. "पारव्याच्या गळ्यासारखा गो. उन्हात वेगळा, सावलीत वेगळा. तू बघशीलच."

त्याचं एकच मागणं होतं. बोट पुरी झाली की केसरबाईनं दोह्याला यायचं, बोट पाहायची, ओटी भरायची. आयुष्यात एवढं मोठं काम पुन्हा हाती येणार नव्हतं, आणि ते तिच्याखेरीज दुसऱ्या कुणी आधी पाहिलं काय, नंतर पाहिलं काय, त्याला सोयरसुतक नव्हतं. अरबाबानं व्हिसाचं कबूल केलं होतं. त्या भरात केरबा सुट्ट्या पुढं ढकलत राहिला. मधे महामारीनं काम थांबलं, मग लाकूड यायला उशीर, मग अरबाबाच्या मुलांनी खर्चाला नाकं मुरडली. "बोट पुरी झाली की एकदमच जातंय," केरबा म्हणायचा, आणि वर्षं जात राहिली.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. मला ती फार उशिरा, सगळं उरकल्यावर, धनाजीकडून कळली. पण मनात ठेवून योग्य वेळी काढणं वगैरे मला जमत नाही. धनाजी म्हणजे केरबाच्या बहिणीचा मुलगा, इथं एका कंपनीत ड्रायव्हर, राहायला एशियन टाउनजवळच्या कामगारांच्या कॅम्पात. तो सुट्टीला गावी गेला तेव्हा मामीला भेटायला गेला. मामीनं त्याला चहा दिला, तो कपाबाहेर ओतून. मग रत्नागिरीच्या डॉक्टरची गोष्ट बाहेर आली. काचबिंदू. दोन्ही बाजूंनी कुणीतरी पडदे ओढत आणावेत तसं दिसणं मिटत चाललेलं, आणि गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलेलं.

धनाजी म्हणाला, "मामाला आत्ता फोन लावतो."

केसरबाईनं त्याचा हात धरला. "माझी शपथ हाय. कळलं तर हातातली बोट टाकून येतील. आन् ही बोट अर्धी राह्यली ना, तर तो माणूसच अर्धा राह्यील. मधलं अजून दिसतंय मला. थेंब घालतंय रोज. बोट पुरी व्हईस्तवर पुरंल."

म्हणजे इकडं केरबा फळ्या बसवत होता आणि तिकडं केसरबाई थेंब घालून नजर राखत होती, आणि दोघांतलं आधी काय सरतं एवढाच प्रश्न होता. फक्त यातल्या एकालाच तो माहीत होता.

आम्हाला काय दिसत होतं सांगू? फोनवर केसरबाई हल्ली फोन अगदी तोंडाशी धरायची. पडद्यावर नुसता एक डोळा आणि कपाळावरचं कुंकू. पुष्पावतीच्या घरी आमच्यासमोर एकदा तिचा फोन आला आणि पडदाभर डोळा पाहून मी म्हणालो, "केरबा, आवर रे, मुका घेईल ती फोनमधून!" सगळे हसले. केरबाही हसला. फोन बंद झाल्यावर हळूच म्हणाला, "आता आता असं करायला लागली. म्हातारपणी माया वाढते म्हणतात ना काका, ते खरं हाय." दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्या रोज दाढी करायला लागला. का, तर ती एवढं जवळून बघते.

आणि बोट पुरी होत आली.

शेवटी रंगाची वेळ आली तेव्हा अरबाब शेडमध्ये आला, काठी टेकत बोटीभोवती फिरला, आणि म्हणाला, पांढरा. केरबानं हात जोडून हिंदीत समजावलं, ही लढाईची बोट, हिचा रंग पारवा. अरबाब हसला. "लढाई खलास, केरबा. आता तिला आराम करू दे. पांढरा." आणि खरं सांगू, म्हाताऱ्याचंही चुकत नव्हतं. केरबा दोन दिवस धड जेवला नाही. मग रंगाचा पहिला हात बसला, बोट उन्हात झगझगीत उठून दिसायला लागली, आणि तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, शोभतो हो तिला पांढरा. केसरला नाय सांगणार. पारव्याची वाट बघत येईल आन् पांढरी दिसली की बघा कशी तोंडाला पदर लावते."

या फजितीची त्याला एवढी मजा वाटत होती, की तो एकटाच हसायचा. रंधा मारता मारता हसायचा.

केसरबाई आली ती चाकाच्या खुर्चीतून. विमानतळावर तिथल्या माणसानं खुर्ची ढकलत बाहेर आणली तेव्हा केरबा घाबरा झाला. "काय झालं गो? गुडघं कधी दुखायला लागलं?"

"तुमची वाट बघून बघून," केसरबाई म्हणाली. आवाज आला तिकडं तोंड करून म्हणाली. धनाजीनं पुढं होऊन तिचा हात धरला. केरबानं त्याच दिवशी गुडघ्यांसाठी तेलाची बाटली आणली.

उतरायची सोय पुष्पावतीकडं केली होती. तिच्या घरी एक खोली मोकळी असते. दोन दिवसांत पुष्पावतीचा मला फोन. ही बाई फोन करते तेव्हा मी खुर्ची ओढून नीट बसतो; मदिनत खलीफात मुलाच्या घरी दिवसभर एसीचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला दुसरं सुख काय?

"काका, तुमच्या केरबाची बायको म्हणजे भलताच तोरा!"

"का बरं?"

"समोर पोहे ठेवले, तर बघेना. मी म्हटलं, घ्या हो. तर माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघत, हो घेते म्हणाली आणि हात बशीच्या कडेवरच फिरवत बसली. मी नवीन पडदे लावलेत, एका शब्दानं विचारलं नाही. मुंडी वळवून बघायला काय पैसे पडतात? आणि केरबा आला की बाईंच्या चेहऱ्यावर चांदणं!"

"नवऱ्याची ओढ असेल गं."

"असेल. पण माझ्या पडद्यांनी काय केलंय?"

मी हे पुढं दोघातिघांना सांगितलंही. तोरा आहे म्हणे बाईंना.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे वक्राला गेलो. गाडी धनाजीची. पुष्पावतीच्या मांडीवर ओटीचं सामान, तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी; नारळ शोधून आणलेला, शेंडीचा. केरबा नवा सदरा घालून पुढं बसलेला, आणि दर वळणावर मागं वळून केसरबाईकडं बघायचा.

"डोळं मिट गो आता. शेड आली."

"मिटलं," ती म्हणाली.

बोट शेडमधून बाहेर ओढून पाण्याच्या तोंडाशी ठेवलेली. समोर समुद्र, वर ते ऊन, आणि मध्ये ती पांढरी. अशी पांढरी की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. अरबाब लांब सावलीत खुर्ची टाकून बसला होता. बायकांचं काही आहे असं कळल्यावर तो अदबीनं लांबच राहिला. धनाजीनं मामीला कोपराला धरून आणलं. वाळूत तिचा पाय दोनदा अडखळला. गुडघे, मी मनात म्हटलं. केरबानं तिला खांदे धरून बोटीसमोर उभी केली, अगदी बरोबर जागेवर, जागा त्यानं आधीच पायानं आखून ठेवली होती. मग तो बाजूला झाला, पण बोटीकडं बघेना. तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. तोंडाला पदर कधी लागतो ते बघायला.

"उघड आता."

केसरबाईनं मान वर केली. डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली, बोटीच्या टोकापासून शेपटीपर्यंत माणूस बघतो तशी. पण मान बोटीच्या शेपटीच्याही पुढं गेली आणि मोकळ्या समुद्रावर थांबली. चेहऱ्यावर हसू आलं.

"काय सुरेख वो," ती म्हणाली. "अक्षी पारव्याच्या गळ्यासारखा रंग. तुम्ही सांगत व्हता तस्सा. उन्हात कसा चमकतोय बघा."

पुष्पावती म्हणाली, "अहो वहिनी, पां..."

केरबानं हात वर केला. तिच्याकडं न बघता, नुसता तळवा. पुष्पावती गप्प झाली. आणि मग तिनं केसरबाईकडं पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि हातातलं ओटीचं सामान तसंच छातीशी धरलं.

मी धनाजीकडं पाहिलं. तो वाळूकडं बघत होता.

 केरबाचं तोंड मी पाहिलं आणि पुन्हा पाहायचं धाडस केलं नाही. चाळीस वर्षं मी लोकांची तोंडं बघून त्यावर काहीतरी बोलत आलोय. तिथं मी बोटीकडं तोंड फिरवलं.

"व्हय गो," शेवटी तो म्हणाला. आवाज साधाच होता. "पारवाच. उन्हात वेगळा, सावलीत वेगळा."

"मी म्हटलं नव्हतं, बघीन म्हणून?"

"म्हटलं व्हतंस."

मग त्यानं तिचा हात हातात घेतला. "चल. हात लावल्याबिगर ओटी व्हत नाय."

"ही रीत कधीची?"

"माझ्या आजाची. तुला ठावं नाय."

अशी रीत नव्हती. धनाजीनं नंतर सांगितलं, असलं काही त्यानं गावात कधी ऐकलं नव्हतं. पण केरबानं तिचा तळवा त्या पांढऱ्या फळीवर ठेवला आणि तिला सगळ्या बोटीभोवती चालवलं. नाळेपासून शेपटीपर्यंत, आणि पलीकडच्या अंगानं परत. आम्ही ऊन खात उभे. ती हात फिरवत जात होती आणि तो मागून हळू हळू, जिथं ठोकळा आला तिथं "जपून" म्हणत. एका जागी ती थांबली, हात मागं नेला, पुन्हा पुढं आणला.

"हितं सांधा हाय?"

"हाय."

"लागत नाय वो हाताला."

"लागू नये म्हणून तर..." केरबा म्हणाला आणि त्यानं तिचा हात पुढच्या फळीवर नेला.

ओटी भरली. कुंकवाची चिमूट घेऊन तिचा हात नाळेवर जागा शोधायला लागला तेव्हा केरबानं तिचं मनगट धरलं, जोडीनं लावायचं असतं तसं. खण बांधला, नारळ ठेवला. तांदळाचे चार दाणे बाहेर सांडले ते पुष्पावतीनं वाकून उचलले, आणि वाकलेलीच राहिली बराच वेळ.

राहिली खुंटी. नाळेच्या वरच्या अंगाला तिच्यासाठी भोक ठेवलेलं होतं. केरबानं खिशातून खुंटी काढली. सागवानाची, करंगळीएवढी, घासून घासून शिंगासारखी गुळगुळीत केलेली. केसरबाईनं हात पुढं केला. "द्या. मी धरतंय."

त्यानं दिली. तिचा हात धरून भोकाशी नेला. लाकडी हातोडा उचलला. वर नेला.

आणि खाली घेतला. ठोकायला नव्हे. नुसता खाली घेतला आणि वाळूत ठेवला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"ऱ्हावू दे."

"का वो?"

"अजून पुरी नाय बोट."

केसरबाईनं हात मागं घेतला. खुंटी तिच्या मुठीत होती. वारा होता, खणाचं टोक फडफडत होतं. तिला कळलं की त्याला कळलं, हे आम्हा सगळ्यांना कळलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. शेवटी पदर लागला तोंडाला, पण केरबानं योजला होता तसा नाही.

"बरं," ती म्हणाली. "पुरी झाली की दाखवा मग."

"दाखवीन," केरबा म्हणाला. आणि जरा थांबून, इथं सगळे म्हणतात तसं, "इन्शाल्ला."

बोट दुपारच्या भरतीला पाण्यात गेली. खुंटीवाचून तिचं काही अडलं नाही. भोक वरच्या अंगाला, पाण्यापासून लांब. अरबाबानं काठीनं ते दाखवून विचारलं, "इथलं काम राहिलं का?" केरबा म्हणाला, "राहिलंय, अरबाब." म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं, लांब गाडीत बसलेल्या केसरबाईकडं पाहिलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

महिन्याच्या आत केरबा हिशेब आटपून केसरबाईला घेऊन गावी गेला. निघताना पुष्पावतीनं तिच्यासाठी लाडवांचा डबा दिला, झाकण कुठं उघडतं ते हात धरून दाखवलं. पडद्यांचा विषय तिनं त्या दिवसानंतर कुणाकडेच काढला नाही, आणि या बाईला मी ओळखतो, तिला ते किती जड गेलं असेल. माझ्या पाया पडायला केरबा वाकला तेव्हा मला नेहमीसारखं काहीतरी बोलायचं होतं. धाकटीला एकटी सोडून चाललास का रे, असं काहीतरी. ओठाशी आलं होतं.

"तेल लाव तिच्या गुडघ्यांना," मी म्हणालो.

"लावतंय काका," तो म्हणाला. "रोज लावतंय."

खुंटी त्याच्याकडेच आहे. धनाजी सांगतो, केसरबाईला आता उजेडही कळत नाही; आणि केरबा गावी कुणाच्या बोटीचं काम घेत नाही. सकाळी दाढी करतो, तिला खाडीवर घेऊन जातो, आणि पाण्यात कुठली बोट आहे, कुठल्या रंगाची आहे, ते सांगत बसतो. ती विचारते, "आन् आपली?"

"चाललंय काम," तो म्हणतो.